हाताला घाम, पार्टाला गंज

आमच्या कंपनीच्या मशीन शॉपमध्ये ग्राइंडिंग झालेल्या शाफ्टला मी हात लावायचा नाही असा नियम होता. लिहून लावलेला नव्हता पण सगळ्यांना माहीत होता. आता मी क्वालिटीत, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, म्हणजे दिवसभर माझं कामच पार्ट हातात घेऊन मोजायचं आणि हात लावायची बंदी पण मलाच. कारण मी आज धरलेला पार्ट एकदोन दिवसांनी बघितला की त्यावर माझ्या बोटांचे ठसे तांबूस होऊन वर आलेले असायचे, रेषा न रेषा मोजून घ्यावी असे, पोलिसांना पण एवढे चांगले ठसे मिळत नसतील. घामात मीठ असतंय, घासून चकचकीत केलेल्या स्टीलवर ते बसलं आणि गंज रोखणारं आरपी ऑइल मारायला जरा उशीर झाला की संपला विषय. एकदा आख्खा बॉक्स कस्टमरकडनं परत आला, सोबत फोटो, आणि फोटोत माझा अंगठा.

तर हा घाम. तळहात आणि तळपाय, बाकी अंगाला चारचौघांसारखाच. कधीपासनं ते आठवत नाही म्हणजे लहानपणापासनंच असणार. शाळेत पेपर लिहिताना उजव्या हाताखाली रुमाल ठेवायचो, एक बाजू भिजली की दुमडून दुसरी, आणि मॅडमना वाटायचं रुमालात चिठ्ठी आहे, दोनदा झडती झालीय माझी. एकच जागा अशी होती जिथं माझ्या हातांचं कुणाला काही पडलेलं नव्हतं, ती म्हणजे आमच्या पेठेतली तालीम. तिथं सगळेच निथळत असायचे आणि हात धरायच्या आधी सगळेच तांबडी माती चोळून घ्यायचे. वस्ताद एवढंच म्हणायचे, "तू जरा ज्यादा लाव." बास, एवढाच माझ्यात आणि इतरांत फरक. पैलवान काय झालो नाही ते सोडा.

आजीचं म्हणणं ओल्या हातात पैसा टिकत नाही. आईचं म्हणणं तू टेन्शन लई घेतोस. तुरटीच्या पाण्यात हात बुडवून झाले, चहाच्या चोथ्याच्या पाण्यात बुडवून झाले, मित्रांनी डिओ दिला, तोही हाताला मारून झाला, हात छान वासाचे ओले झाले. लग्नात हातात हात दिला आणि गुरुजींनी वरनं पाणी सोडलं तेव्हा मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू, म्हटलं आता ओला कुणाचा हात ते कळायचं नाही. बायकोनं नंतर सांगितलं, पाणी सोडायच्या आधीच कळलं होतं.

मग कंपनीत थंब लावायचं मशीन आलं. मागं वीस माणसं, शिफ्टची बेल व्हायला दोन मिनिटं, आणि मी अंगठा पँटीला पुसतोय, लावतोय, मशीन नाही म्हणतंय, परत पुसतोय. जेवढं मागनं "अरे आवर की भावा" तेवढा घाम ज्यादा. शेवटी एचआरनं मला कार्ड दिलं. साहेब लोक आणि मी, एवढ्यांनाच कार्ड.

बॉक्स परत आल्यावर साहेब चिडले नाहीत हीच पंचाईत झाली, चिडले असते तर बरं होतं. नीट बसवून म्हणाले ग्लोव्हज घाल. कॉटनचे घातले, तासाभरात भिजून गार. निळे रबरी नायट्रिलचे घातले तर घाम बाहेर जाईना, काढले की बोटांच्या टोकातनं थेंब पडायचे आणि कातडी दिवसभर भांडी घासल्यासारखी पांढरी सुरकुतलेली. वर बारीक माप घ्यायच्या मायक्रोमीटरचा रॅचेट फिरवताना ग्लोव्हजमध्ये फील येत नाही, दोन मायक्रॉनसाठी भांडायचं आणि बोटाला काही कळत नाही. बायको म्हणाली, "अहो, इतकी वर्षं पुसतच बसलाय, एकदा डॉक्टरांना दाखवा की." माझ्या डोक्यात खरंच कधी आलं नव्हतं की याला डॉक्टर असतो. घामाला कोण डॉक्टरकडं जातंय.

राजारामपुरीत एका स्किनच्या डॉक्टर मॅडमकडं गेलो. पहिला प्रश्न, "झोपेत हात ओले असतात का?" मला काय माहीत, मी झोपलेला असतोय. बायको म्हणाली, "नाही, कोरडे असतात. मी बघितलंय." मॅडम हसल्या, म्हणाल्या निम्मं निदान हिनंच केलं. मग दोन्ही हाताला सारखाच येतो का, कधीपासनं, घरात अजून कुणाला आहे का (काकाला आहे, तो गुजरीत सोनारकाम करायचा, कायम मांडीवर फडकं, आत्ता लिंक लागली), वजन कमी झालंय का, रात्री अंथरूण भिजतंय का, बारीक ताप असतोय का, कुठली गोळी चालू आहे का. हे शेवटचे प्रश्न महत्त्वाचे असतात म्हणे, कारण मोठ्या वयात अचानक सगळ्या अंगाला घाम सुटायला लागला किंवा रात्री झोपेत कपडे भिजायला लागले तर ते दुसऱ्या कशाचं तरी लक्षण असू शकतं, थायरॉईड, शुगर, टीबी, बायकांची पाळी जायची वेळ, काही औषधं. तसलं असेल तर आधी ते शोधायचं, घामाच्या मागं लागायचं नाही. माझं थायरॉईड आणि शुगर तपासली, दोन्ही नॉर्मल. मग नाव मिळालं, प्रायमरी हायपरहायड्रोसिस, म्हणजे दुसरा कुठला आजार नसताना येणारा ज्यादा घाम. शंभरात दोनतीन जणांना जास्त घामाचा त्रास असतो म्हणाल्या, म्हणजे आमच्या शॉपमध्ये अजून दोघं तरी असणार, पुसत बसलेले.

मॅडमनी एक ते चार आकडे सांगितले. एक म्हणजे घाम जाणवतच नाही, चार म्हणजे सहनच होत नाही आणि रोजच्या कामात कायम आडवा येतो. मी तीन म्हटलं. बायको म्हणाली चार लिहा.

आता हे सगळं होतं कसं ते मला माझ्या भाषेत कळलं तसं सांगतो. अंगावर घामाच्या ग्रंथी वीस ते चाळीस लाख असतात, तळहात तळपायाला सगळ्यात दाट. माझ्या ग्रंथी सामान्य आहेत, संख्या पण ज्यादा नाही. गडबड सिग्नलची आहे. सीएनसी मशीनचा कूलंट पंप, म्हणजे कटिंग चालू असताना गार पाणी मारणारा, नीट आहे, नोझल नीट आहे, पण कंट्रोलर सारखा ऑनच देतोय, कटिंग चालू नसताना पण. नसेच्या टोकातनं ॲसिटिलकोलीन नावाचं केमिकल सुटतं, ते ग्रंथीला सांगतं सोड पाणी. आणि टेन्शन घेतल्यानं घाम येतो हे खरं पण माझ्या बाबतीत निम्मं उलटं पण होतं, घाम येणार म्हणून टेन्शन, म्हणून अजून घाम. आईला हे सांगितलं, तिचं मत बदललं नाही.

जेवढे म्हणून उपाय आहेत ते याच लायनीवर कुठंतरी हात घालतात. कोण नोझल बुजवतं, कोण सिग्नल अडवतं, कोण वायरच कापतं. आणि इथं मॅडमनी जो प्रश्न विचारला तो मला आजवर कुणी विचारला नव्हता, "तुम्ही हातानं काम काय करता?" मी सगळं सांगितलं, मायक्रोमीटर, बोअर गेज, स्लिप गेज (मापं ताडून बघायचे चकचकीत ठोकळे), भट्टीकडं चक्कर. त्या म्हणाल्या मग त्याच हिशोबानं बघू.

पहिलं सगळ्यात स्वस्त, ॲल्युमिनियम क्लोराईडचं लोशन, वीस टक्केवालं. हे नोझल बुजवायचं काम. घामाच्या बारीक नळीच्या तोंडाशी त्याचं बूच बसतं. डिओ आणि हे वेगळं बरं का, डिओ नुसता वासावर काम करतो, घाम थांबवणारं ते अँटीपर्स्पिरंट. आणि गंमत म्हणजे तुरटी पण ॲल्युमिनियमचंच मीठ, आणि चहातलं टॅनिन पण कातडी आवळतं, म्हणजे आई अगदीच चुकीच्या रस्त्यावर नव्हती, फक्त तेवढ्यानं माझ्यासारख्याचं भागत नाही. लोशन रात्री झोपताना लावायचं कारण तेव्हा घाम बंद असतो, आणि सकाळी धुवून टाकायचं. मॅडमनी तीनदा सांगितलं होतं हात पूर्ण कोरडे पाहिजेत. मी काय केलं, हात स्वच्छ असावेत म्हणून साबणानं धुतले, टॉवेलला पुसले आणि लगेच लावलं. आईशप्पथ, दहा मिनिटांत आग आग. ओल्या कातडीवर ते लावलं की त्यातनं ॲसिड तयार होतं, हायड्रोक्लोरिक, तेच जे आम्ही पिकलिंगला, म्हणजे स्टीलवरचा गंज काढायला, वापरतो. दोन दिवस हात लाल. नंतर बायकोच्या हेअर ड्रायरची गार हवा मारून मग लावायला लागलो, तेव्हा चावायचं बंद झालं. महिनाभर केलं. काखेला हे चांगलं चालतं म्हणतात, तळहाताची कातडी जाड, तिथं जरा कमीच. मला चारावरनं तीनवर आणलं असं बायकोच्या हिशोबानं म्हणता येईल. पण ज्यांना कमी त्रास आहे त्यांनी इथंच थांबावं, कशाला पुढं जाताय.

मग गोळी. ग्लायकोपायरोलेट, एक मिलीग्रॅम, उपाशीपोटी. ही त्या केमिकलचा निरोप ग्रंथीपर्यंत पोचू देत नाही. आणि खरं सांगतो, चाललं. तिसऱ्या दिवशी मी मायक्रोमीटर धरला आणि तो कोरडा होता, मी दोनदा हात बघितला. पण गोळीला काय माहीत की तुला फक्त हात पाहिजेत, ती सगळ्या अंगाला लागू होते. तोंड कोरडं. भाकरीचा घास फिरतच नाही तोंडात, रविवारी पांढरा रस्सा वाटीभर प्यायलो तेव्हा कुठं मटण खाली गेलं. पोट साफ होईना. आणि मे महिन्यात भट्टीकडं गेलो तर अंगाला घामच नाही, नुसतं आतनं तापल्यासारखं, डोकं जड. घाम म्हणजे अंगाचा कूलंटच ना शेवटी, तो बंद केल्यावर मशीन तापणारच. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या भट्टीजवळ काम असणाऱ्यानं उन्हाळ्यात ही रोज घ्यायची नाही. काचबिंदू असणाऱ्यांना, लघवीला अडचण असणाऱ्यांना पण नको म्हणतात. ऑक्सिब्युटिनिन नावाची दुसरी गोळी आहे, जात तीच आणि त्रास पण साधारण तेच. आता मी गोळी फक्त कस्टमर ऑडिटच्या दिवशी घेतो, मॅडमना विचारून. ऑडिटरशी हात मिळवायचा असतो ना. त्याच्यासमोर आधी पँटीला हात पुसून मग पुढं करायचा हे सोळा वर्षं केलंय.

बोटॉक्सचं नाव ऐकून मला हसायलाच आलं, म्हटलं ते सिनेमावाल्यांचं. तर तसं नाही, नसेच्या टोकातनं ते केमिकल सुटूच द्यायचं नाही हे त्याचं काम, सुरकुत्यांना पण तेच आणि घामाला पण तेच. अमेरिकेत २००४ सालापासनं काखेच्या घामासाठी त्याला परवानगी आहे, एका काखेत पन्नास युनिट, बारीक बारीक सुया, आणि असर साधारण सहा महिने टिकतो, मग परत. घाम नेमका कुठनं येतो ते बघायला आधी आयोडीन लावून वर स्टार्चची पावडर मारतात, जिथं ओलं तिथं काळंनिळं होतं. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकायचो तोच प्रयोग. मॅडमनी माझ्या तळहातावर करून दाखवला, आख्खा पंजा शाईत बुडवल्यासारखा. पण तळहाताला सुया फार दुखतात, मनगटापाशी बधीर करावं लागतं, आणि काही आठवडे पकड ढिली पडू शकते, विशेषतः अंगठा आणि बोटाची चिमूट. झालं, तिथंच माझा विषय संपला. माझं पोटच त्या चिमटीवर आहे. काखेचा त्रास असता तर मी कदाचित केलं असतं, खर्च मोठा आहे आणि वर्षातनं दोनदा करायचा आहे ते धरून सुद्धा. काखेसाठी ग्रंथी मायक्रोवेव्हनं जाळायचं मशीन पण निघालंय, ते हाताला चालत नाही, म्हणून मी जास्त खोलात गेलो नाही.

ऑपरेशनचं मात्र सांगायलाच पाहिजे, कारण लोक थेट तिथंच उडी मारतात. छातीत बारीक भोकं पाडून दुर्बिणीतनं हाताकडं जाणारी घामाची नस कापतात किंवा क्लिप लावून दाबतात. पूर्ण भूल, फुफ्फुस जरा दाबून बाजूला. शुद्धीवर आलात की हात कोरडे, कायमचे, सुरुवातीला सगळे खूश. माझ्या ओळखीतला एक जण आहे, त्यानं मोठ्या शहरात जाऊन करून घेतलं, आठदहा वर्षं झाली. हात एकदम कोरडे, पापडासारखे. पण घाम पाठीवर, पोटावर आणि मांडीवर गेला. हे बऱ्याच जणांना होतं, डॉक्टर त्याला कॉम्पेन्सेटरी म्हणतात, आणि एकदा झालं की परत पहिल्यासारखं करणं अवघड. तो दिवसातनं तीन शर्ट बदलतो, गाडीच्या सीटवर टॉवेल. मी विचारलं परत संधी मिळाली तर करशील का, तर तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला हात मिळवायला बरं वाटतं. त्याला आधी कुणी बसवून हे सांगितलं नव्हतं म्हणतो. आमच्या मॅडम पण म्हणाल्या हे सगळ्यात शेवटी, सगळं करून थकल्यावर.

राहिलं ते आयन्टोफोरेसिस, आणि माझं घोडं शेवटी तिथंच पाण्यावर आलं. नाव अवघड आहे, काम साधं. दोन ट्रे, त्यात नळाचं पाणी, तळाला पत्रे, दोन्ही हात एकेका ट्रेमध्ये ठेवायचे आणि बारीक करंट सोडायचा, पंधरा ते वीस मिलीअँपियर, वीसतीस मिनिटं. सुरुवातीला आठवड्यातनं तीनचारदा, मग घाम कमी झाला की आठवड्यातनं एकदा. नेमकं आत काय होतं यावर डॉक्टरांचं पण एकमत नाही, पण तळहात तळपायाला चालतं हे नक्की. पेसमेकर असणाऱ्यानं, अंगात धातूची पट्टी किंवा रॉड असणाऱ्यानं आणि गरोदर बाईनं करायचं नाही. आधी महिनाभर क्लिनिकलाच जाऊन केलं.

हे शॉपमध्ये सांगितल्यावर आमचा मेंटेनन्सवाला म्हणाला, "एवढंच ना? उद्या करून देतो, डीसी सप्लाय पडलाय की आपल्याकडं." उद्यमनगरात एखादी गोष्ट बनत नाही असं नाहीच, पण मॅडम एकदम गंभीर झाल्या, म्हणाल्या करंट दोन्ही हातातनं म्हणजे छातीतनं जातो, जुगाड करायचा नाही. तयार मशीन घेतलं. एक बऱ्यापैकी मोबाईल येईल एवढे पैसे गेले.

पहिल्या रविवारी घरी लावलं तर काटा हलेना. वीस मिनिटं बसलो, मुंग्या नाहीत, काही नाही. म्हटलं मशीन फसवं निघालं. मग कळलं बायकोनं ट्रेमध्ये आरओचं पाणी ओतलं होतं, चांगलं स्वच्छ म्हणून. आता क्षारच नाहीत तर करंट जाणार कशातनं. ते ओतून नळाचं घेतलं, चिमूटभर खायचा सोडा टाकला, काटा वर. अजून तीन गोष्टी स्वतः चटका खाऊन शिकलो. अंगठी काढून ठेवायची. बोटाला कुठं कापलं असेल तर तिथं व्हॅसलीन, आणि शॉपमध्ये बर, म्हणजे पार्टाच्या कडेची धारदार किनार, लागून रोज कुठंतरी कापलेलं असतंच. आणि मशीन चालू असताना हात अचानक बाहेर काढायचा नाही, मी एकदा डास मारायला काढला आणि असा झटका बसला की निम्मं पाणी फरशीवर.

दहाबारा सेशननंतर फरक दिसला. एका दिवसात नाही झालं, रोज थोडं थोडं, आणि मला आधी कळलं पण नाही, थंबच्या मशीननं सांगितलं. कार्ड घरी विसरलं होतं, सहज अंगठा लावला, हिरवा दिवा. मी परत लावला. मागचा म्हणाला काय खेळ लावलास.

आता दर रविवारी संध्याकाळी टीव्हीसमोर ट्रे मांडून बसतो. दोन्ही हात अडकलेले, नाक खाजलं तरी बायकोला हाक मारायची, ती भडंगाचा घास भरवते आणि मध्येच रिमोटनं चॅनेल बदलते, मी काय करणार. एखादा रविवार चुकला तर बुधवारपर्यंत बोटं सांगायला लागतात. पूर्ण कोरडे नाहीत झाले हात, ऑडिटच्या दिवशी गोळी लागतेच, पण शाफ्ट धरतोय. स्लिप गेजला अजून उघड्या हातानं शिवत नाही, पण ते कुणीच शिवू नये.

पायांचं अजून काही केलेलं नाही. चप्पल लाईनीतनं घेतलेलं कोल्हापुरी दोन महिन्यांत तळव्याच्या आकारात काळं पडतं आणि जिना उतरताना पाय पुढं सरकतो. ट्रे पायाला पण चालतात, पण मग रविवारचे चाळीस मिनिटं होतात, आणि बायको म्हणते आधी ट्रे वेगळे घ्या.